डबक्याकाठचा स्वर्गीय नर्तक
पनवेलहून पेणच्या दिशेने जाणाऱ्या एसटीने सुमारे १२ किलोमीटरवरील कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या फाटकाशी आम्ही उतरलो, तेव्हा किल्ल्यावर निघालेल्यांची रांग आधीच लागलेली होती. फेब्रुवारी महिना योग्य होता. रविवार निवडणे ही मात्र आमची चूक होती. त्या गलक्यामागून तासभर चढूनही, ज्याच्यासाठी आलो होतो तो स्वर्गीय नर्तक हा लांब शेपटीचा पक्षी दिसेना, म्हणून आम्ही मागे फिरून हरियाल निसर्गवाट धरली.

तेथे तांबूस पाठीचा, काळ्या तुऱ्याचा एक पक्षी दिसला आणि मी वहीत ‘बुलबुल’ असे लिहूनही टाकले. सोबत्याने ते खोडायला लावले, कारण ती नर्तकाची मादी होती. हिंदीत याला ‘शाह बुलबुल’ म्हणतात, तेव्हा फसणारा मी पहिलाच नसणार. डोळ्याभोवतीचे निळसर कडे पाहावे, म्हणजे घोटाळा होत नाही. मादीला लांब शेपूट नसते आणि नरालाही ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते. त्यामुळे केवळ पांढऱ्या शेपटीचा शोध घेणाऱ्याच्या नजरेतून निम्मे नर्तक सुटतात.

खरे दर्शन दुपारी घडले. ओढ्यात उरलेल्या परातीएवढ्या डबक्यापासून दहा-बारा पावलांवर आम्ही झाडाला टेकून बसलो. तासाभराने एक कर्कश हाक आली आणि पाठोपाठ पांढराशुभ्र नर वरच्या फांदीवरून थेट पाण्यात पडला, तसाच उसळून पुन्हा फांदीवर गेला. असे त्याने तीनदा केले. शेपटीची दोन लांब पिसे भिजून एकमेकांना चिकटली होती. ती तो चोचीतून एकेक ओढून सुटी करत होता. जेमतेम २० ग्रॅम वजनाच्या या कीटकभक्षी पक्ष्याची पिसे त्याच्या अंगापेक्षा लांब असतात, हे तेव्हा नीट उमगले.

जाणाऱ्यांनी आठवड्यातील कामाचा दिवस निवडावा, मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि चालण्यापेक्षा सावलीतील पाण्याजवळ बसण्यास अधिक वेळ द्यावा. मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला बोलावू नये. पिण्याचे पाणी पुरेसे न्यावे. आमचे दुपारीच संपले होते. परतताना महामार्गावर प्रत्येक एसटी थांबत नाही, म्हणून अंधार पडण्यापूर्वीच थांब्यावर येऊन उभे राहावे.