कच्चं आहे तोवर

शेडचं दार उघडल्यावर आधी कानच दिसले. फळ्यांवर ४८ गणपती वाळत होते आणि त्यांतल्या १९ मूर्तींचे डावे कान मुळापाशी उलले होते. उजवा एकाचाही नाही.

नाशिकमधल्या एका तुरुंगात शिक्षा झालेल्या बारा जणांना शाडूचं काम शिकवायला मी जातो. श्रावणाचा दुसरा आठवडा होता, चतुर्थीला २२ दिवस. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, पंचवटीत दुतोंड्या मारुती कमरेइतका बुडालेला, आणि हवा अशी की सकाळी पिळलेला पंचा संध्याकाळीही ओलाच. अशा दिवसांत नऊ इंची मूर्ती वाळायला बारा दिवस सहज लागतात.

माती बिघडली असती तर भेगा कुठेही पडल्या असत्या. तरी आदल्या दिवशीचा उरलेला गोळा काढून पाहिला. आमचं प्रमाण ठरलेलं आहे: २५ किलो शाडूला आठ लिटर पाणी. आधी पाणी, मग वरून माती चाळून सोडायची. उलटं केलं की पोटात कोरड्या गाठी राहतात. त्यात बोटाच्या पेराएवढा कापलेला काथ्या दोन मुठी. ओल्या गोणपाटाखाली एक रात्र मुरवायची आणि मग मळायची. लिंबाएवढी गोळी अंगठ्यानं दाबल्यावर कडा फाटल्या नाहीत तर माती तयार. या गोळ्याची कड फाटली नाही. म्हणजे मातीची तक्रार नव्हती.

मग कोपऱ्यातला टेबलफॅन दिसला. फळ्यांच्या डाव्या अंगाला, चालू.

"हा रात्रभर चालू होता?"

निफाडकडचा एक पोरगा पुढे आला. "मीच लावला सर. काल बॅरेकला जायच्या आधी. वाळत नव्हते ना."

आदल्या दिवशी मीच दोनदा बोलून गेलो होतो, की उशीर होतोय. ते त्यानं मनावर घेतलं होतं.

शाडू वाळताना आकसतो, शेकडा पाच-सहा. सगळं अंग एकदम आकसलं तर काही बिघडत नाही, मूर्ती नुसती थोडी बारीक होते. पण कान पाच मिलिमीटरचा आणि डोक्याची भिंत दीड सेंटिमीटरची. वारा लागला की कान एका रात्रीत वाळून आकसतो, डोकं मात्र ओलंच असतं, ते जागचं हलत नाही. ताण येतो तो दोघांच्या मध्ये. त्यातून कान साच्यात पूर्ण निघत नाही, तो वेगळा करून नंतर लावतो. जोड खरवडून, मातीचा पातळ घोळ लावून. ओढाताणीत आधी जोडच सुटणार. म्हणूनच कान, बोटं, मुकुटाची टोकं आणि सोंडेचा शेंडा यांवर ओलसर फडकं टाकून ठेवायचं असतं. जाड भाग जवळ येईपर्यंत बारीक भागांनी थांबायचं. हे मी सांगितलं होतं. फडकी होतीही. पंख्यानं तीही वाळवली.

"घोळ भरून लिंपून टाकू," एक जण म्हणाला. सगळ्यांना आधी हेच सुचतं. वाळलेल्या भेगेत ओला घोळ भरला की भोवतालची कोरडी माती त्यातलं पाणी क्षणात पिते, घोळ एकटाच आकसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी दोन भेगा दिसतात. फेव्हिकॉलमध्ये शाडूची पूड कालवून भरली तर टिकतं. वर रंग चढल्यावर ओळखूही येत नाही. बाजारात असे कितीतरी गणपती विकले जातात. मला ते पटत नाही. विसर्जनाला बादलीत सगळी मूर्ती काही तासांत विरघळते आणि तळाशी फेव्हिकॉलचा तो जोड तेवढा पडून राहतो.

केसाएवढ्या भेगा होत्या त्या सात मूर्तींचे कान ओल्या फडक्यात गुंडाळून, वरून प्लॅस्टिक बांधून ठेवले. दीड-दोन दिवसांत कान डोक्याइतका ओला झाला की जोड पुन्हा दाबता येतो. उरलेल्या बारांच्या भेगांत नख जात होतं. त्या मोडायच्या, भिजवायच्या आणि नव्यानं साच्यात घालायच्या, दुसरा इलाज नव्हता. हिशेबही जेमतेम बसत होता: वाळवणं, भिजवणं आणि मळणं यांत सहा दिवस, पुन्हा मूर्ती वाळायला बारा, रंगाला चार. बरोबर २२.

मी लाकडी मोगरी पुढे केली. (लोखंडी हत्यार आत चालत नाही. कोरण्याही बांबूच्या, सकाळी १४ मोजून द्यायच्या आणि संध्याकाळी १४ मोजून घ्यायच्या.) मोगरी कोणी घेईना.

कोण कशासाठी आत आला हे मी विचारत नाही. पण बारा जणांत काही जन्मठेपेचे आहेत एवढं मला ठाऊक आहे. ते सगळे हात मागे बांधून उभे होते. गणपतीवर मोगरी घालायची कोणाची तयारी नव्हती.

"खंडित मूर्ती पाण्यात सोडतात सर, फोडत नाहीत."

मी सांगितलं की खंडित हा शब्द पूजेतल्या मूर्तीला लागतो. अजून प्राणप्रतिष्ठा नाही, डोळ्यांची आखणीही नाही. ही नुसती माती आहे. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं, पण तीन आठवडे ज्यानं सोंडेचं वळण बोटानं फिरवून बसवलं त्याला ती नुसती माती कशी वाटेल? आणि ज्याची मूर्ती घडवत होतो, त्याचं तरी काय? पार्वतीनं अंगावरच्या मळातून केला, शिर उडालं, दुसरं बसवलं, आणि एक सुळा तर आपण अजूनही मोडकाच घडवतो. हे मी बोललो नाही. असं बोललं की प्रवचन होतं, आणि प्रवचनं तिथे पुष्कळ होतात. येणारा प्रत्येक पाहुणा वाल्याचा वाल्मीकी सांगून जातो. रांजणातल्या खड्यांचा हिशेब या लोकांना पाठ आहे.

बोलले ते अण्णा. वयानं सगळ्यांत मोठे, त्र्यंबकच्या बाजूचे. निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर कितीतरी वाऱ्या झालेले. त्यांनी मोगरी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"गोरोबांचं थापटणं असंच असेल, नाही का? तेरला सगळे संत जमले. मुक्ताईनं विचारलं, काका, हे काय? गोरोबा म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. आणि लागले एकेकाच्या डोक्यावर मारायला. निवृत्तीनाथ, ज्ञानोबा, सोपान, सगळे गप बसले. नामदेव तेवढे चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं."

"मग आपण बरे," मागून कोणीतरी बोललं. "आपण सगळे पक्के." सगळे हसले. तिथे खटला चालू असलेला तो कच्चा कैदी आणि शिक्षा लागली की पक्का.

ही गोष्ट कीर्तनात नेहमी नामदेवांची फजिती म्हणून रंगते. मातीत हात असणाऱ्याला ती जरा वेगळी ऐकू येते. भट्टीतून निघालेलं मडकं फुटलं तर खापरी होते. खापरी वर्षभर पाण्यात ठेवा, तिची माती पुन्हा होत नाही. भट्टीच्या आचेत मातीच्या कणाकणाला धरून असलेलं पाणीच निघून जातं आणि ते परत शिरत नाही. कच्चं मडकं मात्र कितीही वाळलेलं असो, पाणी दिलं की सुटतं. शाडूचा गणपती आपण भाजत नाही तो याचसाठी, त्याला परत पाण्यात जायचं असतं. गोरोबा कुंभार होते. कच्चं म्हणजे वाया गेलेलं नाही, एवढं त्यांना नक्की माहीत असणार. ज्यांच्याशी पांडुरंग बोलत होता ते नामदेव त्यानंतर औंढ्याला गेले, पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबा खेचरांकडे, आणि तिथे त्यांचा अभिमान भिजला. पुढे ते पार पंजाबात पोचले. ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पक्की म्हटलेली बाकीची मडकी इतक्या लांब गेली नाहीत, असं आपलं मला वाटतं.

मी मडक्याखापरीचं एवढं सांगितलं, तेवढ्यात एक जण बोलला. एरवी तो दिवसभरात चार शब्दही बोलत नाही.

"अण्णा, पण गोरोबांच्या पायाखाली त्यांचंच लेकरू गेलं होतं ना? चिखल तुडवताना?"

"हो."

"मग दुसऱ्याची परीक्षा घ्यायचा अधिकार त्यांना कोणी दिला?"

शेडमध्ये पत्र्यावरच्या पावसाचा आवाज तेवढा राहिला. पुढे मूल परत मिळतं आणि तोडलेले हातही परत येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मधले दिवस, भजनाच्या नादात आपल्याच पायांनी काय झालं हे कळल्यानंतरचे, कीर्तनात फार लवकर उरकतात. इथे कोणाला घाई नव्हती.

"त्यांनाच होता," अण्णा म्हणाले. एवढंच. आणि मोगरी त्या पंखेवाल्या पोरापुढे धरली.

त्यानं आधी मूर्तीला हात जोडले. पहिला घाव चुकला, पाटाची कड उडाली. दुसरा पोटावर बसला. पोकळ मूर्ती असल्यानं आवाज फार झाला नाही, भद् असा. मग बाकीचे आले आणि तासाभरात बारा मूर्तींचे तुकडे झाले.

तुकडे लगेच पाण्यात टाकायला निघालेल्या दोघांना थांबवावं लागलं. इथेच बहुतेकांची माती बिघडते. वाटतं की ओली माती लवकर भिजेल. प्रत्यक्षात उलटं होतं. हाडासारखा वाळलेला तुकडा पाण्यात पडला की पाणी त्याच्या बारीक भोकांत घुसतं, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि तुकडा बघता बघता भुगा होऊन बसतो. अर्धवट ओल्याची भोकं आधीच पाण्यानं भरलेली, नव्यानं काही आत शिरत नाही. तो आठवडाभर तसाच चिवट गोळा राहतो आणि पुढे मळताना हाताला खडे लागतात. आमच्या मूर्तींचे कान कोरडे आणि बैठकी ओल्या, म्हणजे सगळंच मिसळलेलं. तेव्हा अक्रोडाएवढे तुकडे करून गोणपाटावर पसरले आणि त्यांच्यावर पंखा लावला. तोच. आता तो रात्रभर चालला तरी हरकत नव्हती. पोरानं बटण दाबण्याआधी दोनदा विचारून घेतलं.

तीन दिवसांनी तुकडा मोडल्यावर आत एकसारखा फिका रंग दिसला, गालाला लावला तर गार लागेना. मग टाकीत, तुकडे बुडून वर चार बोटं पाणी राहील इतपत. ढवळायचं नाही, हे बजावलं. ढवळलं की चिखलाचा लेप प्रत्येक तुकड्याभोवती बसतो आणि पाणी आत जायचं थांबतं. सकाळपर्यंत सगळं बसलं होतं. वरचं पाणी मात्र दुधाळ होतं आणि एकानं तांब्या भरून ते ओतायला घेतलं. त्यालाही अडवलं. त्या दुधाळपणात मातीचे सगळ्यांत बारीक कण असतात, चिकटपणा त्यांचाच. ते गेले तर उरलेली माती भुरभुरीत होते. दुपारी पाणी नितळ झाल्यावर हळूच वरवरचं काढलं. काथ्या तसाच राहू दिला, नवा एकच मूठ घातला. एकदा भिजून वाळून पुन्हा भिजलेली माती पहिल्यापेक्षा लोण्यासारखी चालते, हे सगळ्यांनाच हातात घेतल्यावर कळलं.

लगदा दुमडलेल्या गोणपाटावर तीन बोटं जाडीचा पसरला. कोरड्या दिवसांत हे काम रात्रीत होतं. पण पाऊस थांबला नव्हता, त्यामुळे दोन रात्री धरून चालायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरण्या मोजून झाल्या, १४ भरल्या. बाहेर शिपाई किल्ल्या घेऊन उभा होता. पोरगा मातीपाशी उकिडवा बसला आणि त्यानं बोट दाबून उचललं.

"अजून हाताला लागतेय सर."

"मग उद्या बघू."

त्यानं बोट पाटलोणीला पुसलं आणि गोणपाटाची कड वर ओढून घेतली.