तुम्ही विचारलंत म्हणून: लायब्ररी कुठली लावू?

पुण्यात दूध लावतात, पेपर लावतात, डबा लावतात, तशी लायब्ररीही लावतात. त्यामुळे सोसायटीत कुणी नवं राहायला आलं आणि माझ्या हातातली पुस्तकांची कापडी पिशवी त्यांनी पाहिली, की जिन्यातच विचारणा होते, "काकू, लायब्ररी कुठली लावू?" मागच्या जूनमध्ये लातूरहून नोकरीला आलेल्या मुलीनं विचारलं, तिच्या आधी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी. दर वेळी मी अर्धवट उत्तर देते, कारण दुसऱ्या हातात भाजी असते. म्हणून आज बसून लिहिते.

जी रोजच्या वाटेवर पडते, ती लावा. एवढंच खरं उत्तर आहे. मी एखादं जुनं, मोठं नाव घेईन असं समोरच्याला वाटत असतं, आणि त्याचा जरा विरस होतो. पण पुस्तक आणायला माणूस कुठंही जातो, तेव्हा हौस असते. कंटाळा येतो तो परत करायला जायचा. मी आजवर तीन लायब्रऱ्या सोडल्या, तिन्ही वाट वाकडी करावी लागायची म्हणून. एका खासगी वाचनालयाची तर अनामतही बुडाली. मी वर्षभर फिरकले नाही, गेले तेव्हा तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. शंभर रुपयांची ती पावती अजून माझ्या कपाटात आहे, हिशेब अजून मिटलेला नाही अशा थाटात.

लातूरच्या मुलीचा दुसरा प्रश्न होता, "सार्वजनिक म्हणतात, मग वर्गणी कशाला?" रास्त आहे. आपल्याकडच्या बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांना सरकार मान्यता आणि अनुदान देतं, पण ती चालवतात संस्था. कायदा 1967 चा. त्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. शेजारच्या कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी उपकर घेतात. आपल्या कायद्यात तसा कर नाही. म्हणजे अनुदान, वर्गणी आणि कुणी दिली तर देणगी, यावर गाडा चालतो. काउंटरवरच्या माणसाचा पगारही त्यातूनच निघतो आणि तो ऐकून आपणच खाली बघावं इतका असतो. तेव्हा पाच रुपये दंड झाला म्हणून तिथं वाद घालू नका. पैसे न देता बसायचं असेल तर वर्तमानपत्रांचं टेबल बहुतेक ठिकाणी सगळ्यांसाठी असतं. जुने लोक त्याला मुक्तद्वार वाचनालय म्हणायचे. सकाळी तिथं एकच पेपर चार जण चार तुकड्यांत वाचत असतात, आणि अग्रलेखाचं पान कुणाकडे आहे हे बाकीच्या तिघांना पक्कं माहीत असतं.

नाव नोंदवण्याआधी मी दोन गोष्टी बघते. पहिली, कपाटापर्यंत जाऊ देतात का. काही ठिकाणी यादी बघून चिठ्ठी द्यायची आणि आतून पुस्तक येईल ते घ्यायचं, अशी पद्धत असते. ज्याला काय हवं ते माहीत आहे, त्याला ती सोयीची. मला ते कधीच माहीत नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे परत आलेल्या पुस्तकांचा ढीग. कपाटात परत लावायच्या आधी पुस्तकं काउंटरच्या बाजूला पडलेली असतात. तो ढीग उघडा असेल आणि त्यात हात घालू देत असतील, तर मी अनामत काढून ठेवते. आपल्याच भागातली माणसं गेल्या दोन दिवसांत काय वाचत होती ते तिथं कळतं. मधुमेहाचा आहार, पानिपत, बागकाम, एक जाड कादंबरी, पुन्हा मधुमेहाचा आहार. माझी निम्मी चांगली पुस्तकं या ढिगातून आली आहेत.

(वेळाही विचारून घ्या. बरीच ग्रंथालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, दुपारी बंद. यावरचे विनोद सगळे करून झालेत, नवीन सुचला तरी काउंटरवर सांगू नका.)

आता जुन्या नावांबद्दल, कारण आजोबांना तेच ऐकायचं होतं. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं. तेव्हा नाव होतं पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी, आणि ती काढण्यात लोकहितवादींचा पुढाकार होता. त्याच वर्षी बुधवार पेठेतच, भिडेवाड्यात, जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. एकाच पेठेत, एकाच वर्षी. त्या शाळेतल्या मुलीला त्या लायब्ररीत कुणी आत घेतलं असतं का, हा विचार तिथून जाताना माझ्या डोक्यात येतोच. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय 1911 चं. मेट्रोनं डेक्कन जिमखान्याला उतरून नदी ओलांडली की पलीकडे नारायण पेठच, त्यामुळे कोथरूडकरांना आता ते लांब म्हणता येणार नाही. पेठांमधली ही वाचनालयं लावावीत ती जुन्या मराठीसाठी. दुकानात ज्यांची दुसरी आवृत्ती कधी आली नाही, अशी चरित्रं, प्रवासवर्णनं इथं सापडतात.

अशाच एका जुन्या पुस्तकात मला शिसपेन्सिलवाले गृहस्थ भेटले. गृहस्थच असणार, अक्षरावरून मी ठरवलंय. ते ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात. छापलेल्या 'स्थिति'ला त्यांनी दुसरी वेलांटी करून दिली होती, 'बुद्धि'लाही, आणि समासात बारीक अक्षरात 'शुद्धलेखन!' असा शेरा. दहा-बारा पानं हे चालू. मग पान 43 वर दुसरं अक्षर, जरा तिरकं: 'पुस्तक 1962 च्या आधीचे आहे. तेव्हा हेच शुद्ध होते.' बरोबरच आहे, शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ करायचा नियम 1962 चा. त्यानंतर एकही दुरुस्ती नाही, शेवटपर्यंत. आणि मागच्या कोऱ्या पानावर, निळ्या शाईत, तिसऱ्याच कुणाचं तरी: 'वाचनालयाची पुस्तके खराब करू नयेत.'

अभ्यासाला लागणारी ग्रंथालयं वेगळी, ती लावायची नसतात, गाठायची असतात. जनगणनेचे जुने अहवाल, सरकारी समित्यांचे कागद, अर्थशास्त्र हवं असेल तर गोखले इन्स्टिट्यूटमधलं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. गोखल्यांनी 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला, त्याचा हा ग्रंथसंग्रह. पोथ्या आणि संस्कृतसाठी 1917 चं भांडारकर. मराठ्यांच्या इतिहासाची मूळ कागदपत्रं सदाशिव पेठेत, राजवाडे-मेहेंदळ्यांनी 1910 मध्ये काढलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात. अशा ठिकाणी जाण्याआधी फोन करा आणि ओळखपत्र न्या. काय शोधताय ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. मला पहिल्यांदा आलं नव्हतं. "असंच, जुनं काहीतरी" म्हणाले, तर समोरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि मुकाट्यानं सूची माझ्यापुढे सरकवली.

एक तक्रार नेहमी कानावर येते, की लायब्रऱ्या स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी भरल्यात, टेकायला खुर्ची नाही. भरल्यात खऱ्या. सदाशिव आणि नवी पेठेत खासगी अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, महिन्याचं भाडं देऊन एक खुर्ची, एक दिवा. ज्याला तेही परवडत नाही तो वाचनालयाच्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवून दिवसभर बसतो. मला त्यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. मी पुस्तक घेऊन घरी जाऊ शकते, त्याच्या खोलीत चौघं असतात.

दिवाळी अंकांचं मात्र सांगायलाच हवं, कारण नुसत्या तेवढ्यासाठी लायब्ररी लावणारे लोक आहेत. 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याला फराळाबरोबर हे लागतं. बऱ्याच वाचनालयांत वेगळी वर्गणी भरून सगळे अंक आलटूनपालटून मिळतात. दिवाळीनंतर पहिले पंधरा दिवस चांगल्या अंकांसाठी चढाओढ असते. डिसेंबरात शब्दकोडी भरलेली असतात आणि मार्चमध्ये मुखपृष्ठ गेलेलं असतं. मला मार्चमधले अंक आवडतात, चांगल्या कथेचं पान कुठलं ते चुरगळण्यावरून कळतं.

लातूरच्या मुलीनं शेवटी शिवाजीनगरला, ऑफिसच्या मागच्या गल्लीतलं एक लहानसं वाचनालय लावलं. दोन कपाटं आणि एक टेबल, पण बसस्टॉपच्या वाटेवर. दर शनिवारी बदलते. परवा ती जिन्यात भेटली. त्यांच्याकडे दिवाळी अंकांची योजना नाही, तर माझं कार्ड मिळेल का, म्हणाली. दिलं. शब्दकोडी भरायची नाहीत असं सांगितलं, तर म्हणाली, "शिसपेन्सिलीनं?"