आवाज न चढवता: ज्वाव जिल्बेर्तो

मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घेतलं की हळुवार आवाजात किती ताकद असते, हे वेगळं सांगावं लागत नाही. ब्राझीलच्या ज्वाव जिल्बेर्तोचं गाणं त्याच कानानं ऐकावं.

जन्म १९३१ चा, बाहिया राज्यातल्या जुआझेइरोचा. १९५० मध्ये तो रिओत एका गायकवृंदात दाखल झाला, तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भरल्या गळ्यानंच गायचा. ते काम सुटलं. पुढे दियामांतिना या गावी बहिणीच्या घरी राहताना न्हाणीघरात तासन्‌तास रियाज केला. तिथल्या भिंती बारीक आवाजही परत देत, म्हणून जोर लावायची गरज उरली नाही. स्वरातला कंप त्यानं काढून टाकला. जुलै १९५८ मध्ये ‘शेगा जी सौदाजी’ हे गाणं ध्वनिमुद्रित करताना त्यानं दोन माइक मागितले, एक गळ्याला आणि एक गिटारला. एकाच माइकवर दोन्ही घेतलं की हळू गळा गिटारखाली जातो. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर केलेल्या अल्बमला १९६५ चं ग्रॅमी मिळालं. तरी ऐकायला सुरुवात त्याच्या १९७३ च्या ‘ज्वाव जिल्बेर्तो’ या अल्बमपासून करावी. त्यात गळा, गिटार आणि जेमतेम ताल एवढंच आहे, त्यामुळे गिटारवरचा हात स्वच्छ ऐकू येतो.

आता तो हात. नायलॉनच्या तारांची गिटार घ्या, स्टीलच्या तारांची झण्ण हळू गळा झाकते. सोळा मात्रा मोजा. त्रितालाची फक्त मोजणी घ्यायची, टाळी-खाली नाही. अंगठ्यानं १, ५, ९, १३ वर खर्जाची तार. तर्जनी, मध्यमा, अनामिका एकदम, १, ४, ७, ११, १४ वर. हा सरावाचा सांगाडा झाला. जिल्बेर्तो स्वतः यात सतत फेरफार करायचा. चूक बहुतेक वेळा चौथ्या मात्रेवर होते: बोटं पाचव्याच्या आधी येतात आणि अंगठा त्यांच्यामागे ओढला जातो. म्हणून आधी नुसता अंगठा, तोंडानं मात्रा मोजत, संथ लयीत. तो पक्का झाल्यावर एकेक आघात वाढवा.

हळू म्हणजे कुजबुज नव्हे. कुजबुजीत श्वास वाया जातो आणि सूर उतरतो. बोलण्याच्या पट्टीत, पूर्ण सुरात गावं. माइक तोंडापासून चार ते सहा बोटं, किंचित बाजूला. अगदी जवळ नेला तर खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’ फुटतात. छताचा पंखा बंद, कारण इतक्या हळू गाण्यात तोच आधी ऐकू येतो.

सगळ्यात अवघड शब्दांची जागा. जिल्बेर्तो ओळ कधी तालाच्या आधी सोडायचा, कधी मागे ठेवायचा, पण अंगठा तालावरून तसूभर हलत नसे. आधी ओळ गप्पा मारल्यासारखी नुसती बोलून पाहा, हात चालू ठेवून. शब्द मागे ठेवताच अंगठाही रेंगाळायला लागला, तर शब्द सोडा आणि पुन्हा १, ५, ९, १३ वर या.