आमची वाटचाल: शेततळ्यापासून कचरा डेपोपर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात शेततळी आणि नाला खोलीकरणाच्या खोदाईने झाली. 1 ऑक्टोबर 2021 ला स्वच्छ भारत अभियान (नागरी) 2.0 सुरू झालं, तालुक्याच्या गावांतले जुने डेपो साफ करायला निधी येऊ लागला आणि आम्ही बायोमायनिंगकडे, म्हणजे जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करण्याकडे वळलो. खोदाईच तर आहे, असं वाटलं होतं. खोदाई हा यातला सगळ्यात सोपा भाग निघाला.

जुन्या कचऱ्यासाठी केंद्राचा हिशेब टनाला 550 रुपये. लोकसंख्या लाखाच्या आत असेल तर निम्मा वाटा केंद्राचा, उरलेला राज्य आणि नगरपरिषदेने उभा करायचा. विदर्भातल्या बहुतेक नगरपरिषदा, नगरपंचायती याच गटात बसतात. म्हणजे सगळं 'टन' या एका शब्दावर. पण डीपीआरसाठी (सविस्तर प्रकल्प अहवाल) मोजणी होते ती घनमीटरात. ढीग 25,000 घनमीटरचा, घनता घनमीटरला 0.8 टन धरली की 20,000 टन. प्रत्यक्षात घनता 0.6 निघाली तर 15,000 टन. फरक 5,000 टनांचा, म्हणजे साडेसत्तावीस लाखांचा. यंत्रं तेवढीच लागतात, मंडप तेवढाच, बिल मात्र पाऊण.

म्हणून निविदा भरण्याआधी आम्ही ढिगात तीन ठिकाणी 2 बाय 2 बाय 2 मीटरचे खड्डे घेतो, निघालेला माल टिप्परने वजनकाट्यावर नेतो आणि टनांना 8 ने (खड्ड्याचे घनमीटर) भागतो, की घनता मिळते. एक खड्डा कडेला, एक मधोमध, एक सगळ्यात जुन्या भागात. काटा पावत्या जपून ठेवायच्या. वजन ढीग फोडताना धरायचं की ट्रॉमेलमधून (फिरती गोल चाळणी) बाहेर पडताना, हेही करारातच लिहून घ्यावं. मधल्या तीन-चार आठवड्यांत पाणी उडून माल हलका होतो, आणि ऑडिटला नेमकी तीच तफावत दिसते.

काम असं चालतं. ढीग फोडून दोन मीटर उंचीच्या लांबट राशी करायच्या, बायोकल्चर (कचरा कुजवणारे जीवाणू) फवारायचं, दर आठवड्याला पलटी द्यायची. आतली उष्णता चढून उतरली, वास गेला की चाळणी. पहिली 80 मिमीची, मग 20, मग 6. इथं आपली काळी माती आडवी येते. डेपोचा तळ तीच, पोकलेनचं बकेट थोडं खाली गेलं की ती वर येते. ओली असली तर 6 मिमीची जाळी अर्ध्या तासात लिंपून टाकते. मग मजूर आत उतरून खरवडतात. शिवाय मूळ जमीन कचऱ्याच्या वजनात मोजली जाते, हा वेगळाच घोळ. तळाची पातळी आधी खुंट्या ठोकून ठरवा. पावसाळ्यात चाळणी बंद ठेवा. दिवाळीनंतर ते मे हाच खरा हंगाम. मे महिन्यात मात्र ढीग आतून धुमसतो. नुसतं वरून पाणी मारून ती आग विझत नाही. तेवढा भाग फोडून पसरवायचा आणि मातीने दाबायचा.

खरा खर्च चाळणीनंतर. वर उरलेलं प्लास्टिक, चिंध्या, रेक्झिन म्हणजे आरडीएफ, कचऱ्यापासूनचं जळण. कोरपना-राजुरा पट्ट्यातल्या सिमेंट भट्ट्या ते जाळू शकतात. पण खालच्या श्रेणीलाही ओलावा 20 टक्क्यांच्या, राख 15 टक्क्यांच्या आत आणि उष्मांक किलोला 3,000 किलोकॅलरीच्या वर लागतो. पन्नीला चिकटलेली माती भट्टीत राखच होते, म्हणून फूटभर थर उन्हात वाळवून झटकावा लागतो. सुटा आरडीएफ फुगीर. ट्रक काठोकाठ भरतो आणि काट्यावर जेमतेम पाच-सहा टन उतरतात. गाठी बांधल्या की तोच ट्रक दुप्पट-तिप्पट नेतो. बेलिंग मशीनशिवाय हे काम घेऊ नये, असं आमचं ठाम मत झालंय. पीव्हीसी, चपला वेगळ्या काढा. क्लोरीन वाढला तर गाडी परत येते, भाडं तुमचं.

खालची बारीक माती सगळ्यात जास्त निघते आणि आजूबाजूचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतात. देऊ नये. खत नियंत्रण आदेशात कंपोस्टसाठी शिसं किलोला 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5 ही मर्यादा आहे. बॅटऱ्या, रंगाचे डबे पडलेल्या डेपोची माती त्यात बसेल याची खात्री नाही. काचेचे कण तर असतातच. ही माती सखल जागा भरायला, झाडांच्या खड्ड्यांना वापरा, तीही प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्यावर.

मोकळी जागा मिळाली की नगरसेवकांना व्यापारी संकुल दिसू लागतं. भराव खचतो, तळात थोडा गॅस राहू शकतो. बाग, रोपवाटिका, गाड्यांचा तळ इथपर्यंत ठीक.

आणि ताजा कचरा. एका टोकाला आम्ही चाळतो, दुसऱ्या टोकाला घंटागाड्या ओततात, असं एका नगरपंचायतीत सबंध हंगाम चाललं. शेवटच्या पातळी-मोजणीत ढीग जवळपास तेवढाच, आणि बिल अडकलं. आता कार्यादेशाच्या आधी आम्ही दोनच गोष्टी मागतो: ताज्या कचऱ्यासाठी वेगळा ओटा आणि मधे पत्र्याचं कुंपण. ते नसेल तर यंत्रं हलवत नाही.