एक जूनचे वाढदिवस आणि २०२९ चा संघ

शनिवारी संध्याकाळी पाचला पाण्याचा टँकर फुटबॉलच्या मैदानावर आला. धुळ्यात डिसेंबरमध्ये त्रास पावसाचा नसतो, वाळून दगड झालेल्या मुरमाचा असतो. अशा मैदानावर चेंडू टप्पा खाऊन थेट छातीपर्यंत उसळतो. मग खेळ पायांचा राहत नाही, उंचीचा होतो. म्हणून मुलांच्या निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मुरूम भिजवायचा, पाणी रात्रभर मुरू द्यायचं आणि पहाटे हलका रोलर फिरवायचा. सकाळी पाणी मारलं तर वरचा थर निसरडा होतो आणि खालचा तसाच कडक राहतो. मैदानाच्या पूर्वेकडच्या कडेला मुरूम उडून काळी माती उघडी पडली होती. तिथं आम्ही थेंबही पडू दिला नाही, कारण ती भिजली की बुटाला गोळ्यानं चिकटते.

चेंडूंचंही तेच. पाच नंबरच्या चेंडूत नियमानं ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा चालते. शाळांमधून आलेले बहुतेक चेंडू वरच्या टोकाला फुगवलेले होते. गेज लावून सगळे नऊवर आणले. कडक मैदान आणि टणक चेंडू एकत्र आले की तेरा वर्षांच्या मुलांमध्ये उंच मुलगाच चांगला दिसतो, आणि आम्हाला त्या दिवशी नेमकी हीच फसगत टाळायची होती.

चाचणीचा दिवस होता रविवार, ७ डिसेंबर २०२५. बरोबर आठवडा आधी अहमदाबादेत भारताच्या १७ वर्षांखालील संघानं एका गोलच्या पिछाडीवरून इराणला २-१ असं हरवून आपल्या वयोगटाच्या आशियाई चषकाचं तिकीट मिळवलं होतं. मैदानावर जमलेल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाच्या तोंडी तोच सामना होता. त्याआधी बाराच दिवस थोरला संघ ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१ असा हरला होता आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार तर ऑक्टोबरमध्येच बंद झालं होतं. वरचा मजला खचतोय आणि खालचा उभा राहतोय, असं ते चित्र होतं. पण खालचा मजलाही कुठल्या तरी पायावर उभा असतो, आणि तो पाया अशा जिल्ह्याच्या मैदानांवर घातला जातो.

चाचणी २०१२ साली जन्मलेल्या मुलांची होती. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून ८४ मुलं आली होती. हे वर्ष मुद्दाम निवडलं होतं. १७ वर्षांखालील विश्वचषक आता दरवर्षी होतो, त्यात ४८ संघ असतात, आणि २०२९ च्या स्पर्धेला १ जानेवारी २०१२ ला किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं चालतील. २०१८ साली आपला १६ वर्षांखालील संघ मलेशियात आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून एका गोलनं हरला आणि विश्वचषक हुकला, कारण तेव्हा आशियातून चारच संघ जायचे. आता उपांत्यपूर्व फेरी गाठली तरी पुरतं. दार रुंद झालंय. त्यातून जाणारी मुलं आज सातवी-आठवीत आहेत.

आधी आम्ही नेहमीच्या पद्धतीनंच यादी काढली, मुद्दामच. अकरा विरुद्ध अकरा, पंधरा-पंधरा मिनिटं, कडेला तीन प्रशिक्षक, हातात वही. भुसावळच्या रेल्वे मैदानावर उमेदीची वर्षं खेळलेले अण्णाही वही घेऊन बसले होते. एवढ्या वेळात एखाद्या मुलाच्या पायाला चेंडू चार-पाच वेळा लागतो, काहींच्या एकदाही नाही. मग नजर जाते ती धावणाऱ्याकडे, टक्कर जिंकणाऱ्याकडे, लांब मारणाऱ्याकडे. बावीस नावं निघाली. त्यांच्यासमोर जन्मतारखा लिहिल्या तेव्हा वहीभोवती सगळे गप्प झाले. बावीसपैकी तेरा मुलं जानेवारी ते मार्चमधली होती आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधली फक्त दोन.

यात नवल काही नाही, जगभर हेच होतं. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा असतो, आणि तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे अर्धी वीत उंची असू शकते. खानदेशात मात्र आणखी एक गाठ आहे. ८४ मुलांमध्ये सतरा जणांची जन्मतारीख १ जून होती. शाळेत नाव घालताना दाखला नसला की गुरुजींनी १ जून लिहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेल्या मुलांच्या कागदांवर ती अजून भेटते. अशा मुलाचं खरं वय कागदापेक्षा वर्षभर कमी असेल किंवा वर्षभर जास्त. त्यात त्याची लबाडी काहीच नसते. पण पुढे राष्ट्रीय पातळीवर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू३ पद्धतीनं हाडांचं वय मोजतात, आशियाई चषकात मनगटाचा एमआरआय करतात. तिथं कागद आणि हाड जुळलं नाही तर मुलगा बाहेर पडतो आणि त्याच्यावर खर्ची पडलेली तीन-चार वर्षंही वाया जातात.

म्हणून सकाळी सातलाच, खेळ सुरू व्हायच्या आधी, मापं घेतली होती. वेळ महत्त्वाची. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबून उंची सेंटिमीटरभर कमी भरते, तेव्हा एकाचं माप सकाळी आणि दुसऱ्याचं दुपारी घेतलं की तुलनाच बिघडते. चार गोष्टी घ्यायच्या: वय, उभी उंची, बसकी उंची, वजन. बसक्या उंचीसाठी भिंतीला टेकवून लाकडी पेटी ठेवतात. मुलानं पाठ आणि डोकं भिंतीला लावून ताठ बसायचं, मांड्या जमिनीला समांतर. जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजायचं आणि पेटीची उंची वजा करायची. उभ्या उंचीतून बसकी उंची काढली की पायांची लांबी मिळते. गल्लत सगळ्यात जास्त होते ती इथंच. मुलगा पोक काढून बसतो, दोन सेंटिमीटर जातात आणि हिशोब चुकतो. प्रत्येकाला दोनदा मोजलं आणि फरक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा.

ही मापं २००२ साली संशोधक मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या मुलांवरून बसवलेल्या सूत्रात घातली. मुलगा वाढीच्या झपाट्याच्या शिखरापासून किती वर्षं अलीकडे किंवा पलीकडे आहे, ते या सूत्रातून कळतं. मुलग्यांमध्ये हे शिखर साधारण चौदाव्या वर्षी येतं, तेव्हा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढते. सूत्राचा एक दोष माहीत असायला हवा. ते मध्याकडे ओढतं: लवकर वाढणाऱ्याला आहे त्यापेक्षा उशिराचा दाखवतं, उशिरा वाढणाऱ्याला लवकरचा. म्हणजे दोन मुलांमधलं खरं अंतर आकड्यापेक्षा जास्तच असतं, कमी क्वचित.

आता त्या दोन मुलांकडे येतो. नऊ नंबर जळगाव जिल्ह्यातला, जानेवारीतला. उंची १६८, बसकी ८७, वजन ५५. सूत्रानं दिलं अधिक ०.३, म्हणजे शिखर नुकतंच ओलांडलेलं. आमच्या पहिल्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर होतं. सत्तावीस नंबर धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेतला. उंची १४१, बसकी ७२, वजन ३२, कागदावर १ जून. उणे १.९. कागदातली चूक पकडून पाहिली. वय वर्षानं कमी धरलं तर उणे २.३, वर्षानं जास्त धरलं तरी उणे १.५. कसंही मोजा, शरीरानं तो नऊ नंबरच्या निदान जवळजवळ दोन वर्षं मागे होता. पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं, कुणाच्याच वहीत.

साडेदहाला सगळ्या ८४ मुलांना या आकड्याच्या क्रमानं लावलं आणि २८-२८ चे तीन गट केले. प्रत्येक गटात चार-चार जणांचे सात संघ. मैदानावर फक्कीनं ३० बाय २० मीटरचे तीन चौक आखले, दोन्ही टोकांना शंकू ठेवून दोन मीटर रुंदीचे गोलपोस्ट केले, गोलकीपर नाही. सामना चार मिनिटांचा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. एका वेळी तीन सामने, सातवा संघ बसलेला. सात फेऱ्यांत प्रत्येक संघ बाकी सहाही संघांशी खेळतो आणि एक गट पाऊण तासाच्या आत उरकतो. चौकाच्या कडेला दोन निरीक्षक, एकेकाकडे चारच मुलं. गोल मोजायचे नाहीत. मोजायचं ते एवढंच: चेंडू पायात येण्याआधीच्या दहा सेकंदांत मुलानं मान वळवून मागे किती वेळा पाहिलं, आणि पहिल्या स्पर्शात चेंडू मोकळ्या बाजूला नेला की जिथून आला तिकडेच ढकलला.

सत्तावीस नंबरला एका शिक्षकांनी प्रेमानं स्टडचे बूट दिले होते, ते आम्ही उतरवायला लावले. अनवाणी खेळत आलेल्या मुलाला उसने बूट चढवले की पहिला स्पर्श हमखास बिघडतो, पाऊल चेंडूखाली जातच नाही. भिजवलेल्या मुरमावर तो अनवाणी खेळला. बूट सहा आठवड्यांत सवयीचे होतात, पण चाचणीच्या सकाळी ते मुलाला लंगडा करतात.

आपल्याएवढ्याच मुलांमध्ये आल्यावर हा मुलगा वेगळाच दिसला. दुसऱ्या सामन्यातला एक क्षण सांगतो. चेंडू डावीकडून त्याच्याकडे येत होता. त्यानं उजव्या खांद्यावरून पाहिलं, डाव्या खांद्यावरून पाहिलं, पुन्हा उजव्या, आणि चेंडू पायात न घेता दोन पायांमधून सोडून दिला, कारण मागे त्याचा सोबती एकटा उभा होता. निरीक्षकाच्या कागदावर त्याच्या नावापुढे दहा सेकंदांत चार-पाच वेळा मान वळल्याच्या खुणा सामन्यामागून सामन्यात येत राहिल्या. बहुतेक मुलांच्या एक किंवा शून्य. अण्णा उठून चौकाच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा पोरगा चेंडूच्या आधी खेळतो." सकाळच्या मोठ्या सामन्यात त्याला चेंडू दोनदा मिळाला होता आणि दोन्ही वेळा धक्क्यानं गेला होता. आम्ही लिहिलं होतं, 'कमजोर'.

नऊ नंबरचं उलट झालं, आणि त्यात त्याचा काहीही दोष नाही. आपल्याएवढ्या ताकदीच्या मुलांमध्ये त्याची टक्कर चालेना आणि दुसरा उपाय त्याला कुणी शिकवलेला नव्हता. तिसऱ्या सामन्यानंतर तो बाजूला येऊन बसला. "सर, मन्ही टाच दुखस." टाचेच्या मागच्या हाडावर दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलं की तो कळवळायचा. झपाट्याच्या काळात हाड आधी वाढतं, पोटरीचा स्नायू मागे राहतो, आणि टाचेच्या वाढत्या भागावर ओढ बसते. याला सेव्हर्स म्हणतात. गुडघ्याखाली तसंच झालं की ऑसगूड-श्लाटर. तो वाढता भाग हाडाशी एक झाला की हे थांबतं, पण तोवर दुखण्यावर खेळवलं तर मुलगा महिनोन्‌महिने लंगडतो. त्याला त्या दिवशी थांबवलं, टाचेखाली घालायच्या उंच गादीबद्दल आणि पोटरीच्या ताणाबद्दल घरच्यांना सांगितलं, उड्या सहा आठवडे बंद, आणि डॉक्टरांकडे पाठवलं. यादीत तो राहिला. वाढ पुढे असलेल्या मुलाला कधी कधी वरच्या वयाच्या मुलांबरोबर खेळवावं लागतं, म्हणजे अंगाचा आधार सुटतो आणि डोकं चालवावं लागतं.

दुसरी यादी निघाली तेव्हा पहिल्या बावीसपैकी नऊ नावं बदलली होती.

मुलींचं थोडक्यात सांगतो, कारण अकराच आल्या. त्यांचा झपाटा साधारण बाराव्या वर्षी येतो, त्यामुळे तेराव्या वर्षाच्या चाचणीत वाढीची फसगत कमी आणि निवड जास्त खरी. त्याच २०२५ साली भारताच्या थोरल्या, २० खालील आणि १७ खालील अशा तिन्ही महिला संघांनी आपापले आशियाई चषक गाठले. संधी मुलींकडे जवळ आली आहे आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे तालुक्याला एक संघ उभा राहत नाही, हे मनाला लागतं.

दुपारी जेवताना, कळण्याची भाकरी आणि ठेचा, बोलणं सामन्यांवर आलं. शालेय स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. सोळा संघ असले तर पंधरा सामने. आठ संघ एक सामना खेळून घरी, आणखी चार दोन खेळून. म्हणजे बारा शाळांच्या मुलांचं स्पर्धेचं वर्ष फार तर दोन सामन्यांत संपतं. हेच सोळा संघ आठ-आठच्या दोन गटांत साखळी खेळले तर ५६ सामने, प्रत्येकाला सात. सात-सात जणांचे छोटे सामने, दोन मैदानं, शनिवारी सकाळी तीन तास, असे सात शनिवार. लागतं काय, तर फक्की, शिट्टी आणि वेळ देणारे चार शिक्षक. २०१७ च्या विश्वचषकातल्या आपल्या २१ जणांच्या संघात आठ मुलं एकट्या मणिपूरची होती. तिथली मुलं गल्लीगल्लीत रोज खेळतात, हे त्यामागचं मोठं कारण आहे. आपल्या राज्यातून कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि कोल्हापुरातही तालमींच्या संघांचे सामने हंगामभर चालतात.

आणि सतरानंतर? २०१७ च्या त्या संघातून जॅक्सन सिंग, सुरेश सिंग, अन्वर अली थोरल्या संघात पोहोचले, कारण विश्वचषकानंतर यातली बरीच मुलं इंडियन ॲरोज नावाच्या संघातून आय-लीग या व्यावसायिक स्पर्धेत मोठ्यांशी खेळली. तो संघ २०२२ मध्ये बंद झाला. आमच्या चाचणीच्या दिवशी देशातल्या सर्वोच्च स्पर्धेचा, इंडियन सुपर लीगचा, हंगाम सुरूही झालेला नव्हता. १७ ते २१ ही वर्षं मुलं बाकावर बसून काढतात, तिथंच सगळ्यात जास्त गळती होते. आजची पिढी चांगली आहे, पण तिला खेळायला सामने हवेत.

चारच्या सुमारास धडगावची जीप निघाली. आश्रमशाळेच्या शिक्षकांनी प्रत्येक मुलाचं मापाचं कार्ड मागून घेतलं. दर तीन महिन्यांनी मापं घ्यायची, तीन महिन्यांत उंची दोन सेंटिमीटरच्या वर गेली तर धावण्या-उड्यांचा भार कमी करायचा, हे त्यांनी वहीत उतरवलं. मग विचारलं, "सर, पेटी किती उंच करू? आमच्याकडे सुतार आहे."

चाळीस सेंटिमीटर चालेल, आम्ही सांगितलं, फक्त डगडगता कामा नये, आणि प्रत्येक वेळी तीच पेटी, तीच भिंत.