पहिल्या वर्षाचे ते दोन सी

रविवार, रात्री साडेअकरा

परवा मेडिकल स्कूलच्या ॲडमिशनचा इंटरव्ह्यू आहे, झूमवर, अर्धा तास. ओपन फाइल आहे म्हणजे समोरच्या डॉक्टरांनी माझं सगळं आधीच वाचलेलं असणार. क्लोज्ड फाइल असती तर कदाचित पहिल्या वर्षाच्या ग्रेडचा विषय निघालाही नसता, पण आता निघणारच असं धरून चाललेय.

ॲमकॅसच्या, म्हणजे इथल्या मेडिकल स्कूलांच्या सामाईक अर्जाच्या फॉर्मवर जीपीए, म्हणजे चारपैकी ग्रेडची सरासरी, वर्षावार वेगळा दिसतो. माझं पहिलं वर्ष २.८, मग तीन वर्षं मिळून ३.८५, आणि सगळ्याची सरासरी ३.५९. जिथे ॲडमिशन मिळालेल्या मुलांची सरासरीच ३.७ च्या वर असते तिथे हे कमीच आहे. पहिल्या वर्षी केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसला सी ग्रेड आले. केमिस्ट्री मी परत घेतली, ए आला, तरी ॲमकॅस दोन्ही ग्रेड धरतं, जुना सी काही पुसला जात नाही. आधी याचा फार राग यायचा. आता वाटतं ठीक आहे, तो सी पण माझाच आहे.

संध्याकाळी आईसमोर प्रॅक्टिस केली. तिने कागदावरचा प्रश्न वाचला, पहिल्या वर्षी काय झालं? मी बोलत सुटले, नाशिकहून आलो, नवीन देश, नवीन कॉलेज, रूममेट, थंडी, असं करत करत फोनवर बघितलं तर चार मिनिटं दहा सेकंद. आई म्हणाली, अगं एवढं कशाला, आजोबांचं सांग ना, ऐकणाऱ्यालाही कळेल तुझं लक्ष का लागलं नाही.

मी गप्पच बसले. आजोबा गेले मार्चमध्ये आणि केमिस्ट्री, कॅल्क्युलसचे सी त्याच्या आधीच्या डिसेंबरचे. आम्ही इथे न्यू जर्सीत, अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं, आईने त्या दिवशी मोबाइल दोन्ही हातांनी धरला होता. ते मी सीच्या कारणासाठी कसं वापरू? त्या डॉक्टरांनी तारखा जुळवून बघितल्या नसत्या कदाचित, पण मला तर माहितीये ना. आईला हे सांगितलं तर तिचे डोळे भरून आले, मग म्हणाली, बरं, राहू दे.

खरं कारण साधं आहे. शाळेत शेवटच्या आठवड्यात घोकून ९२ टक्के पडायचे, तेच इथे केलं. पेपरात कधीच न बघितलेली गणितं आली आणि मी अडकले. ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या वेळेत, प्रोफेसरांकडे जायचं म्हणजे आपण ढ आहोत असं दाखवणं, हेच डोक्यात होतं, त्यामुळे पूर्ण सेमिस्टर एकदाही गेले नाही. दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या ऑफिस अवर्सना गेले तेव्हा प्रोफेसरांनी खडू हातात दिला आणि म्हणाले, बोलू नकोस, मेकॅनिझम काढ. म्हणजे रिॲक्शन कशी होते ते बाणांनी दाखवायचं. दुसऱ्याच बाणाला मी थांबले, म्हणजे जे येतंय असं वाटत होतं ते येतच नव्हतं.

त्या दिवसापासून निळी वही सुरू केली. डावीकडे चुकलेलं उत्तर, उजवीकडे का चुकलं ते दोन-तीन शब्दांत. 'युनिट विसरले', 'प्रश्न नीट वाचला नाही', आणि सगळ्यात जास्त वेळा, 'येतंय असं वाटलं'. एमकॅटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास पण याच वहीत केला. आता हॉस्पिटलच्या ईआरमध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात, स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोट्स टाइप करायचं काम करताना डॉक्टरांचं वाक्य कळलं नाही की तिथेच विचारते, अंदाजाने टाइप करत नाही, कारण ती नोट पेशंटच्या फाइलमध्ये जाते. मला वाटतं त्या सीबद्दल सांगण्यासारखं हेच आहे. काय चुकलं हे एका वाक्यात, आणि बाकीचा वेळ नंतर मी काय बदललं त्याला. नवीन देश, रूममेट, थंडी सगळं काढून टाकलं, ते खोटं नाहीये पण सी त्यामुळे आले नव्हते.

जेवणानंतर आईने परत विचारलं, या वेळी एक मिनिट पाच सेकंद झाले. ती जरा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, ती वही कुठाय, बघू. बराच वेळ पानं चाळत बसली होती, तिला त्यातली केमिस्ट्री कळत नाही पण उजवीकडचं मराठी कळत होतं.

आता ती झोपलीये. जॅकेटला इस्त्री राहिलीये, ती उद्या. वही लॅपटॉपच्या शेजारी काढून ठेवलीये, कॅमेऱ्यात दिसणार नाही पण असू दे तिथे.