माळवद उकरणारे चौघे

नाताळचा तारा खाली उतरला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, शब्बाथशाळेच्या (रविवारच्या बायबल-शाळेच्या) वार्षिक संमेलनाची गडबड सुरू व्हायची. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या मिशन कंपाउंडात वाढलेल्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. चर्चसमोर मांडव, खाली सतरंज्या, कडेला पेटी, ढोलकी आणि झांजा. मांडवामागे प्रीतिभोजनाच्या रश्शाचा वास आणि पडद्याआड चादरी, फेटे, कापसाच्या दाढ्या यांचा ढीग. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ साली सुरू झालं. पुढे नारायण वामन टिळकांची पदं घरोघरी गेली, आणि गाण्याशिवाय उपासना होते हे आम्हाला कधी पटलंच नाही. संमेलनही गाण्यानेच सुरू व्हायचं. मग पाठांतर, बक्षिसं, अहवाल. अहवालाच्या वेळी पोरं पेंगायची. सगळे वाट बघत असायचे ती नाटिकांची.

नाटिका बहुतेक वेळा बरं होण्याच्याच गोष्टींवर असायच्या. बार्तीमय आंधळा, याईराची मुलगी, दहा कुष्ठरोगी, कोड फुटलेला नामान सेनापती. पण आमच्या मंडळीची सगळ्यांत लाडकी गोष्ट म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती माणूस. गर्दीतून वाट मिळेना म्हणून चौघांनी छप्पर उकरून त्याला बाजेसकट येशूपुढे खाली सोडलं, ती गोष्ट. कारण सरळ होतं. कफर्णहूमातलं ते मातीचं सपाट छप्पर आमच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावं लागत नसे. ते स्वतः माळवदाच्या घरात जन्मलेले. माळवदावर चढून पांढरी माती पसरायची, पावसाळ्याआधी ती दाबायची, उजेडासाठी सवणं ठेवायचं, हे सगळं त्यांच्या हातचं. त्यामुळे चार माणसं वर चढली आणि छप्पर उकरू लागली की पुढे बसलेल्या आज्या हळहळायच्या, "अगं बाई, केवढी माती पडली असंल खाली!" त्या घरमालकाची काळजी फक्त आमच्याकडेच केली जात असावी.

रंगमंच म्हणजे दोन बाकं जोडून केलेला ओटा. वर बांबूंची चौकट, तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर उसाचं पाचट. घरमालक खाली उभा राहून ओरडायचा. वरची चार पोरं पाचट उपसायची, ते येशूची भूमिका करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर पडायचं, आणि मग सुताचे दोर लावलेली बाज हळूहळू खाली यायची. एका वर्षी एका कोपऱ्याचा दोर सुटला. बाज तिरकी झाली, आत निजलेल्या पोराने दोन्ही हातांनी बाजेचं गात धरलं. वरच्या तिघांनी दात-ओठ खात तोल सांभाळला, चौथा पालथा पडून नुसत्या हाताने बाज धरून राहिला. मांडवात चिटपाखरू बोललं नाही. बाज जमिनीला टेकली तेव्हा टाळ्या वाजल्या त्या त्या चौघांसाठी. पक्षाघाती उठून बाज उचलून चालू लागला तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

त्या रात्री पाळकसाहेबांनी तयार उपदेश बाजूला ठेवला. म्हणाले, शास्त्रातही असंच आहे. येशूने पाहिला तो वरच्या चौघांचा विश्वास. बाजेवरचा माणूस तर या गोष्टीत एक शब्दही बोलत नाही. त्याच्यात विश्वास ठेवायचं बळ होतं की नव्हतं, मार्क सांगत नाही. त्याला उचलणारे होते, एवढं सांगतो.

देवावर भिस्त ठेवणं म्हणजे काय, हे मला त्या संमेलनांनी शिकवलं, आणि तेव्हा शिकलेलं आजही मला खरं वाटतं. याईराची मुलगी बारा वर्षांची, मरून पडलेली. विश्वास ठेवायचा तो तिच्या बापाने. बेथेसदाच्या तळ्याकाठचा माणूस अडतीस वर्षं आजारी. आपल्याला कुणी बरं केलं हेही त्याला ठाऊक नव्हतं, असं योहान स्पष्ट लिहितो. आणि झटके येणाऱ्या मुलाचा तो बाप! "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." इतकी मोडकी-तोडकी प्रार्थना, तरी ती ऐकली गेली. माणसाचा विश्वास मापात किती भरतो याचा हिशोब या गोष्टींत कुठेच नाही. ज्याच्याकडे हात पसरला तो कोण आहे, एवढंच त्यांत आहे.

हे इतकं ठासून लिहितोय त्यालाही कारण आहे. संमेलनातल्या रविवारी संध्याकाळी साक्षीची सभा असायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायचं. कुणी उठून सांगायचं, पोराचा टायफॉइड उतरला. कुणी सांगायचं, म्हैस वाचली. तीही साक्षच, आणि मंडळी तितक्याच मनापासून "प्रभूची स्तुती असो" म्हणायची. शेवटी मंडळीचे वडील पुढे येऊन आजाऱ्यांना तेल लावून प्रार्थना करायचे, याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं. आम्हाला वचनं पाठ करून घेणाऱ्या बाई दरवर्षी त्या रांगेत उभ्या असायच्या. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती. खडू धरताना तो अंगठा आणि तळव्यात दाबून धरायच्या. दरवर्षी तेल लागायचं, आणि बोटं तशीच राहायची.

एकदा बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी भर सभेत बाईंकडे पाहून सांगितलं की विश्वास पुरा असता तर हात केव्हाच सरळ झाले असते. बाई काही बोलल्या नाहीत. पदर सावरून जागेवर जाऊन बसल्या. मला आजही त्या वाक्याचा राग येतो. आजाऱ्याच्या डोक्यावर आजाराबरोबर दोषाचंही गाठोडं ठेवणं ही येशूची रीत नव्हे. पाळकसाहेबांनी पाहुण्यांचा मान राखला, पण आशीर्वचनाआधी बायबल उघडलं आणि दोन जागा वाचल्या. एक, प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेली साधी ओळ, की आपला सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. दुसरी, पौलाच्या देहातल्या काट्याची. तीन वेळा मागूनही काटा निघाला नाही, उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." मग म्हणाले, ज्याच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, त्याचा विश्वास कमी होता असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणावं.

पुढच्या जानेवारीत बाई पुन्हा त्या रांगेत उभ्या होत्या. हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. बरं झालेल्यांच्या साक्षी मी खूप ऐकल्या. त्यांतल्या काहींनी माझा जीव भरून आला, आणि देव बरं करतो हे मी मानतोच. पण न मिळालेलं पुन्हा मागायला त्याच दारात, न रुसता, न लाजता उभं राहणं, याला काय म्हणावं? माझ्या लेखी भिस्त म्हणतात ती हीच.

औषधाशी आमच्या मंडळीचं भांडण कधीच नव्हतं. "डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास" असं बोलणारे अलीकडे कुठेकुठे भेटतात, तेव्हा मला आमच्या आज्या आठवतात. हिज्कीया राजा मरायला टेकला, देवाने त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर बांधायला अंजिराचं पोटीसच सांगितलं! पोटीस म्हटलं की आज्यांच्या माना डोलायच्या. जवसाचं पोटीस त्यांनी कितीतरी गळवांवर बांधलेलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. आणि जुन्या लोकांच्या बोलण्यात मिरज यायचंच. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं ते मिशन हॉस्पिटल, त्यांच्या नावाची ती वानलेसवाडी. नगरच्या बूथ हॉस्पिटलात भागलं नाही की मिरजेला न्यायचं. एसटीच्या दारापाशी पाळकसाहेब टोपी काढून प्रार्थना करणार, कंडक्टर घंटी न मारता थांबणार, आणि मंडळीतले चौघं जण गावात वर्गणी गोळा करायला निघणार. तेही माळवद उकरणंच.

आता मांडवाच्या जागी हॉल आहे, पाचट कुठून आणायचं हा प्रश्न आहे, दोराने बाज सोडायला पालक तयार होत नाहीत. पण संमेलन होतं. तेव्हाची पोरं मुंबई-पुण्याहून, एखाददुसरं परदेशातून, त्या दोन दिवसांसाठी येतात. यंदा नामानाची नाटिका ठरली आहे. बरं होण्यासाठी नामान यार्देन नदीत सात बुड्या मारतो, त्या मारायला मिळणार म्हणून सगळ्या मुलांना नामानच व्हायचंय. निळ्या साडीची नदी आणि बादलीभर पाणी, दुसरं काय हवं? मी मात्र नामानाच्या घरच्या त्या बंदिवान पोरीच्या भूमिकेसाठी भांडतोय. परक्या मुलखात धरून आणलेली, मालकिणीच्या घरी राबणारी, आणि तरी मालक बरा व्हावा म्हणून संदेष्ट्याचा पत्ता सांगणारी. दरवर्षी तिला एक वाक्य देऊन पडद्याआड पाठवतात. यंदा तिचा प्रवेश मोठा लिहून द्यायचं मी कबूल केलंय, आणि तालमीला येत्या शनिवारपासून सुरुवात आहे.